नवऱ्याची केबल

आमच्या हाँगकाँगात अशा माणसांना ‘तापवाले’ म्हणतात. गाण्याचे वेडे निराळे आणि हे निराळे. गाणं कुठलं लागलंय याच्याशी यांना काही देणंघेणं नसतं. गाणाऱ्या बाईने ओळ सुरू करायच्या आधी श्वास घेतला तो ऐकू आला का, मागचा ढोलवाला डावीकडे बसलाय की मधोमध, यावर ते चहा गार होईपर्यंत भांडतात. हा ताप एकदा चढला की उतरत नाही. होतो त्यांना, आणि डोकं दुखतं बायकोचं. माझ्या नवऱ्याला तो लग्नाच्या आधीपासून आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर मी जरा विचार केला असता.

क्वोक-हंग लिफ्ट दुरुस्त करतो. भला माणूस आहे, ते मी नाकारत नाही. दारू नाही, घोड्यांवर पैसे लावणं नाही, पगार झाला की माझ्या हातात. कामात तर असा, की लिफ्टमध्ये पाऊल टाकल्याबरोबर नुसत्या घरघरीवरून सांगतो कुठे काय झिजलंय ते. पण घरी आला की ती सगळी अक्कल बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो.

आमचं घर म्हणजे सरकारी वसाहतीतली एक खोली. तिला पडदे लावून आम्ही तीन खोल्या म्हणतो. त्यात त्याचे दोन स्पीकर, माझ्या खांद्याएवढे उंच. ते भिंतीपासून लांब ठेवावे लागतात, म्हणे त्यांना श्वास घ्यायला जागा हवी. आणि मला नको? मी भात वाढायला उठले की अंग तिरकं करून जाते. मुलगा लग्न करून परदेशी गेला तेव्हा मला वाटलं, चला, त्याच्या पलंगाच्या जागी एक कपाट येईल. तर या बाबाने टेप आणून ती जागा मोजली आणि म्हणाला, “इथे बसून ऐकलं तर आवाज बरोबर मधे येतो गं!” शेवटी तिथे माझं कपाटही आलं नाही आणि त्याची खुर्चीही आली नाही. तिथे सासूबाई आल्या.

सासरे गेल्यावर त्या आधी माझ्या थोरल्या नणंदेकडे राहत होत्या. ऐसपैस घर, बरं चाललं होतं. एक दिवस नणंद एवढंच म्हणाली, “आई, उदबत्तीच्या धुराने छत काळं पडायला लागलंय.” बस, इतकंच. सासूबाई उलटून काही बोलल्या नाहीत. आणि काही दिवसांनी सासऱ्यांच्या नावाची पूजेतली पाटी लाल कपड्यात गुंडाळून, बॅग उचलून आमच्या दारात उभ्या! भांडण नाही, रडारड नाही. क्वोक-हंगने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि कुजबुजला, “लाय-कुएन, तिला काही म्हणजे काही बोलायचं नाही. इथून उठली तर जायला दुसरं घर नाही. मग आहेच तो वृद्धांचा निवास, एका हॉलमध्ये तीस खाटा. माझ्या आईला तिथे नाही जाऊ देणार मी.” मी म्हटलं, “मी कशाला बोलते?” आणि खरंच, त्या दिवसापासून आम्ही दोघं आमच्याच घरात मांजराच्या पावलांनी चालायला लागलो.

त्यांनी काही मागितलं असतं तर बरं झालं असतं. त्या मागत नसत. नळ सोडायच्या आधी विचारत, “मी पाणी घेऊ का?” टीव्हीवर काय लावू विचारलं तर, “तुम्ही जे बघाल ते.” काही वाढलं तर, “छान झालंय.” एकच गोष्ट त्यांची म्हणून होती, ती म्हणजे भिंतीवरचा सासऱ्यांचा कोनाडा. तो बसवायला त्यांनी पंचांग पाहून दिवस काढला, वेळ काढली, आणि त्या वेळेला पाटीच्या दोन्ही बाजूंना दोन लाल दिवे लावले. विजेवरचे, पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात तसले. एकदा लागला की हा दिवा विझवायचा नाही. विझला तर पुन्हा पंचांग, पुन्हा मुहूर्त, सासऱ्यांची पुन्हा माफी. कोनाड्याला जागा कुठे मिळाली, तर स्पीकरच्या वर. दुसरी भिंतच नाही आमच्याकडे.

आणि त्याच सुमाराला क्वोक-हंगच्या स्पीकरमधून घूं यायला लागली.

मोठी नव्हती हो. गाणं चालू असलं की कळतही नसे. पण गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे, किंवा ती बाई श्वास घेते तिथे, बारीक घूं... डास कानाजवळ आल्यासारखी. रविवारची दुपार हा त्या माणसाचा आठवड्यातला एकुलता एक विरंगुळा. तो डोळे मिटून बसायचा, घूं आली की त्याचा चेहरा कारलं चावल्यासारखा व्हायचा, आणि मग उठून स्पीकरच्या मागे रांगत जायचा.

“केबल,” तो म्हणाला. “केबल बदलायला हवी.”

“आहे ती काय वाईट आहे? वाजतंय ना?”

“वाजतंय गं, पण ती साधी आहे. आतून जाळी गुंडाळलेली घेतली तर बाहेरचा त्रास आत येत नाही.”

“बाहेरचा त्रास आत आलाय खरा,” मी म्हटलं, “पण तो लग्नातच आला.”

मग सुरू झालं. दर शनिवारी कामावरून परस्पर शाम शुई पोला, अपलिउ गल्लीत लुकदादाच्या दुकानात. हा लुकदादा म्हणजे तापवाल्यांचा वैद्य. कुणी काहीही तक्रार घेऊन गेलं की औषध एकच, केबल. ती चढत्या भाजणीने असते. पहिली शंभराला, मग पाचशेला, मग कापडाच्या पिशवीत घातलेली, आणि शेवटी लाकडी पेटीतली, जिच्याकडे हे लोक सोन्याची साखळी पाहावी तसे पाहतात. लुकदादा एकेक केबल ‘ऐकून बघ’ म्हणून घरी देई. क्वोक-हंग ती लावी, कान देई, मान हलवी, परत नेऊन देई. मग त्याचे दोन मित्र येऊन स्पीकरसमोर बसत. एक म्हणे, “तळ भरलाय आता.” दुसरा म्हणे, “पण कडा टोचते.” कसला तळ नि कसली कडा! मी तिकडे सगळ्यांसाठी चहा करत्येय, आणि सासूबाई पडद्याआड गुडघे जवळ घेऊन बसल्यात, कुणाला अडचण नको म्हणून.

शेवटी गाडी येऊन थांबली अडीच हजाराच्या केबलवर. अडीच हजार डॉलर! दोन हात लांब तारेला!

“एवढ्या पैशांत माझी नवी दाढ होते,” मी म्हटलं.

“दाढ दुखतेय का तुझी?”

“तू असा बोललास की दुखते.”

“बरं, मग अकराशेची घेऊ का? मधली आहे. की थांबू? लुकदादा म्हणतो नव्या वर्षानंतर भाव उतरतील. पण मधली घेऊन घूं गेली नाही तर तेही पैसे पाण्यात. मग मोठीच एकदम...”

“अरे, घ्यायची तर घे, नाहीतर गप्प बस! सकाळी घेऊ का, दुपारी नको का, मला वेड लागायची पाळी आलीय!”

असं रोज. जेवताना, दात घासताना, भांडी विसळताना. आणि सासूबाई पडद्याबाहेर आल्या की आम्ही दोघं एकदम गप्प. घरातली कटकट त्यांच्या कानावर नको. त्या आमच्याकडे बघत, काही विचारत नसत, आणि हळूच पुन्हा आत जात.

अशात एकदा खालच्या भाजीबाजारात पूनकाकू भेटली. आमच्याच मजल्यावर राहते, तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. तिने मला बाजूला घेतलं. “लाय-कुएन, तुमच्यात काही झालंय का गं?”

“का?”

“तुझी सासू मला विचारत होती, वृद्धांच्या निवासात नाव घालायला कुठे जायचं म्हणून.”

काय केलं आम्ही? काय बोललो? जेवायला वाईट दिलं? मी तिथेच उभी राहून सगळे दिवस आठवून पाहिले आणि मला एक शब्द सापडेना. क्वोक-हंगला सांगितलं तर त्याचा रंगच उडाला. “कोणी काही बोललं का तिला?” त्याने मलाच विचारलं. म्हणजे कमाल झाली ना! मी म्हटलं, “मी? मी तर त्यांच्यासमोर शिंकसुद्धा दाबते!”

त्यानंतर आम्ही आणखी जपायला लागलो.

मग तो रविवार. सासूबाई खाली बागेत व्यायामाला गेल्या होत्या, क्वोक-हंग केस कापायला. जाताना त्याने यंत्र चालू करून ठेवलं होतं, कारण म्हणे तासभर तापल्याशिवाय ते नीट वाजत नाही. मी फरशी पुसत होते. स्पीकर आपले घूं... घूं... करतायत. चिडून मी त्यांच्या मागे पुसायचा दांडा घातला आणि काहीतरी ओढलं गेलं. एकदम शांत! घूं बंद. मला वाटलं, झालं, मोडलं याचं खेळणं, आता माझी धडगत नाही. वाकून बघते तर स्पीकरचं सगळं जागच्या जागी. सुटला होता तो कोनाड्यातल्या लाल दिव्यांचा प्लग. काळा ठोकळा असतो ना तारेला, तो.

प्लग लावला. घूं. काढला. गप्प. पुन्हा लावला. घूं.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अडीच हजार वाचले, आणि लुकदादाच्या नाकावर टिच्चून वाचले. मी मनात क्वोक-हंगला सुनवायचं भाषणसुद्धा जुळवलं. आणि मग भिंतीवर सासऱ्यांच्या पाटीकडे नजर गेली आणि माझं भाषण घशातच राहिलं. सांगणार काय? की तुझ्या बापाच्या दिव्यामुळे तुझं गाणं बिघडतंय? नणंदेकडे धुरावरून झालं, आता आमच्याकडे दिव्यावरून? आधीच निवासाची चौकशी करून आलेली बाई, हे कळलं तर संध्याकाळी बॅग भरेल. मी पटकन उदबत्ती लावली, सासऱ्यांना हात जोडले, म्हटलं, “बाबा, चुकून विझला, पंचांग बघायला सांगू नका.” आणि ठरवून टाकलं की तोंड उघडायचं नाही.

पण मग घूंचं काय? ती राहिली तर हा माणूस केबल, केबल करत माझा जीव खाणार. मी बराच विचार केला आणि मला एकच वाट दिसली. या तापवाल्यांना मी इतकी वर्षं बघत्येय. खिशातून पैसे गेले की यांच्या कानाला फरक पडलेला ऐकू येतोच. जितके जास्त पैसे, तितका जास्त फरक. म्हणजे केबल आणली की याला घूं ऐकू येणं आपोआप बंद होणार! तेव्हा मी, जिने तीन महिने नाही नाही म्हणून घसा कोरडा केला, ती मी पाकीट घेऊन अपलिउ गल्लीत गेले.

लुकदादा माझ्याकडे बघतच राहिला. “वहिनी? तुम्ही?”

“ती लाकडी पेटीच्या आधीची काढा. अडीच हजारवाली. आणि भाव कमी करा.”

“भाव तर...”

“लुकदादा, मी दुकानात आलेय. मी! हे पुन्हा होणार नाही.”

दोनशे सोडले त्याने. बाहेर पडताना मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. नसलेल्या दुखण्यावर औषध विकत घेतलं, तेही स्वतःच्या पायांनी जाऊन.

पुढच्या रविवारी, सासूबाई खाली गेल्यावर मी ती त्याच्या पुढ्यात ठेवली. वाटलं, नाचेल. तो नुसता बघत राहिला. “तू आणलीस?” म्हणाला, आणि त्याचा आवाज कसातरीच झाला. मग गपचूप लावली. गाणं लावलं, डोळे मिटून बसला. मी स्वयंपाकघरात मासे साफ करायला घेतले. गाणारी बाई थांबली, आणि मला तिथे नळाजवळसुद्धा स्वच्छ ऐकू आलं: घूं...

“गेली की नाही?” मी विचारलं.

“गेली,” तो म्हणाला. “एकदम गेली. काय आवाज आहे!”

आता मला हायसं वाटायला हवं होतं की नाही? पण ती घूं चालूच, हा मान डोलावतोय, आणि माझे दोन हजार तीनशे गेलेत. माझं डोकंच फिरलं. मी सुरी घेऊनच बाहेर आले.

“काय गेली? कुठे गेली? ऐकू येतेय ना ढळढळीत!”

“मग तू का विचारलंस गेली का म्हणून?”

“आणि तू का म्हणालास गेली म्हणून?”

“तू एवढे पैसे घालून आणलीस, मग काय म्हणू?”

“खरं सांग! मी सांगते खरं. केबलचं काही नाही ते. ते दिवे आहेत, तुझ्या बाबांचे दिवे! प्लग काढला की बंद होते. मी स्वतः पाहिलंय.”

त्याने गाणं बंद केलं. मान खाली. आणि मग हळूच म्हणाला, “मला माहितीये.”

“काय माहितीये?”

“पहिल्याच आठवड्यात कळलं मला. लिफ्टवाला आहे मी, लाय-कुएन. तो दिव्याचा ठोकळा हलका आहे, तो बोंबलतो. बदलला की दहा मिनिटांचं काम. पण बदलायला दिवे विझवायला लागतील, म्हणजे आईला सांगायला लागेल. काय सांगू? तुझे दिवे त्रास देतात? ताईने धुराचं काढलं तर ही घर सोडून आली. म्हणून म्हटलं, एखादी केबल तो त्रास बाहेरच अडवेल. अडवेना, तर आणखी चांगली बघू.”

म्हणजे तीन महिने हा माणूस मूर्खासारखा वागत होता तो मूर्ख म्हणून नव्हे. आणि तरीही मूर्खच! मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच केबलने झोडावंसंही वाटलं.

“क्वोक-हंग!”

आम्ही दोघं दचकलो. वाऱ्यासाठी दार उघडंच होतं, बाहेरचं लोखंडी जाळीचं दार तेवढं लावलेलं. त्या जाळीपलीकडे सासूबाई उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे. पलीकडून पूनकाकूचं दारही किलकिलं झालं होतं.

“आई, तू... तसं नाही आई, दिव्यांचं काही नाही...”

“दार उघड.”

त्या आत आल्या. सरळ त्याच्यासमोर. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“तीन महिने? तीन महिने तुम्ही दोघं खरंच तारेवरून भांडत होतात?”

“हो,” क्वोक-हंग म्हणाला.

“आणि मी आले की गप्प का व्हायचात?”

“तुला त्रास नको म्हणून.”

“अरे गाढवा! मी येते आणि तुमची तोंडं बंद होतात. केबल, केबल, पैसे, जागा, एवढंच माझ्या कानावर येतं. मला वाटलं, माझ्यावरून चाललंय. मला कळू नये म्हणून तारेचं नाव घेतात. एका तारेवरून कुणी एवढं भांडतं का? कोणता शहाणा माणूस मानेल हे?”

माझ्या तोंडून “हेच मी म्हणते याला!” असं निघून गेलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प.

“आणि तुझ्या ताईने धुराचं सांगितलं म्हणून मी गेले असं वाटतं तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “छत काळं झालं होतं, मलाही दिसत होतं. म्हातारी झाले, आंधळी नाही झाले. सांगितल्याचं मला काही वाटलं नाही. पण ती ते बोलली आणि मग घाबरली. दुसऱ्या दिवसापासून सगळं घर माझ्याशी गोड गोड. मी काही म्हटलं की हो आई, हो आई. पाहुणीशी बोलतात तसं. पाहुणी किती दिवस राहते? मी उठले. आणि इथे येऊन बघते, तर इथेही तेच!” त्यांनी कोनाड्याकडे बोट दाखवलं. “घरच्या माणसाला सांगतात रे, हे हलव, ते बंद कर म्हणून. मला कुणी सांगतच नाही!”

क्वोक-हंग, एवढा पन्नाशी ओलांडलेला बाप्या, लहान मुलासारखा मान खाली घालून उभा. इतके महिने आम्ही त्यांना जपतोय म्हणून स्वतःवर खूश होतो आणि त्या बिचाऱ्या पडद्यामागे बसून स्वतःसाठी खाट शोधत होत्या. मला माझीच लाज वाटली.

“उद्या पंचांग बघते,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “चांगला दिवस निघाला की तो ठोकळा बदल. तुझ्या बापाला कानाशी घूं घूं अजिबात खपायची नाही, तोही वर बसून वैतागला असेल. आणि ही तार परत दे त्या दुकानदाराला.”

“आई, लुकदादा परत नाही घेत.”

“घेत नाही? मी येते. बघते कसा घेत नाही.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता मला जवळ घेतील.

“आणि लाय-कुएन, तुझं सूप खारट असतं. आल्यापासून गिळतेय.”

मी तीन महिने, तीन महिने त्या बाईसाठी कमळकाकडीचं सूप मंद आचेवर उकळत बसले होते! “मग आधी सांगायचं होतंत!” मी ओरडले. सासूबाईंवर मी पहिल्यांदाच ओरडले. “आणि उद्यापासून तुम्हीच करा!”

“करीन की,” त्या म्हणाल्या. माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि काही न विचारता स्वयंपाकघरात शिरल्या. आतून नळ सुटल्याचा आवाज आला, मग बडबड: “हे काय मासे साफ केलेत? खवले तसेच आहेत!”

आमचं स्वयंपाकघर एका माणसापुरतंच आहे. मी बाहेरच उभी राहिले.